आडवी बाटली

गावातले दारूचे दुकान ठेवायचे की बंद करायचे, यावर महाराष्ट्रात मतदान घेता येते. त्या मतपत्रिकेवर कोणा पुढाऱ्याचे नाव नसते. पक्षाचे निशाणही नसते. दोन चित्रे असतात. एक उभी बाटली आणि एक आडवी बाटली. दुकान चालू राहावे असे ज्याला वाटते, त्याने उभ्या बाटलीवर शिक्का मारायचा. दुकान बंद व्हावे असे वाटत असेल, तर आडव्या बाटलीवर मारायचा. ही युक्ती ज्या कोणाला सुचली, त्याला लोकांची नाडी बरोबर कळली होती. जिला एक अक्षर येत नाही त्या म्हातारीलाही आडवी बाटली कळते. बाटली आडवी झाली की आतले सांडते!

या मतदानात बायकांना मोठा अधिकार दिला आहे. गावातल्या नुसत्या स्त्री-मतदारांचे मतदानही घेता येते. असे का? बायका पीत नाहीत म्हणून? तसे नाही. पिणारी बाईही असते. पण दारूचा हिशेब बहुतेक घरांत बाईच्या माथी येतो. तो हिशेब एकदा कागदावर मांडून पाहू.

समजा, एक मजूर रोज १०० रुपयांची दारू पितो. वर्षाचे दिवस ३६५. म्हणजे वर्षाला ३६,५०० रुपये झाले. एवढ्या पैशात घरावर पत्रे पडले असते. दोन शेळ्या आल्या असत्या, आणि उरलेल्या पैशात पोरांची पुस्तके, कपडे झाले असते. हा झाला वहीवरचा हिशेब. वहीत न मांडता येणारा हिशेब याहून मोठा आहे. बुडालेली मजुरी त्यात आहे. रात्रीची मारहाण आहे. सावकाराकडे गेलेले डोरले आहे. बापाला गुत्त्यावरून आणायला गेलेला आठ वर्षांचा पोर आहे. तो पोर तिथे काय पाहतो आणि काय शिकतो, ते कोणत्या रकान्यात मांडायचे?

हा हिशेब मांडायला बायका कधी आणि कशा शिकल्या, त्याची एक खरी गोष्ट आहे. ती आपल्या वर्गाच्या कामाची आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आंध्र प्रदेशात नेल्लोर नावाचा जिल्हा आहे. १९९१ साली तिथे साक्षरतेची मोठी मोहीम सुरू झाली. गावोगाव रात्रीचे वर्ग भरू लागले. दिवसभर शेतात राबलेल्या बाया कंदिलाच्या उजेडात पाटी घेऊन बसत. त्यांच्या वाचनपुस्तकात सीतम्मा नावाच्या बाईची गोष्ट होती. तिचा संसार दारूने कसा बुडाला, ते तीत सांगितले होते. दुबगुंटा नावाच्या गावात बायांनी ती गोष्ट वाचली. वाचून त्या गप्प बसल्या नाहीत. त्या आपसात बोलू लागल्या. "ही सीतम्मा कुठली गं? ही तर आपलीच कथा!" असे कोणी म्हटले असेल, तर नवल नाही. त्या गावात घरोघरी सीतम्माच होती.

तिकडे त्या काळी 'सारा' नावाची देशी दारू सरकारच्या परवान्याने विकली जाई. दर साल दुकानांचा लिलाव होई. जो ठेकेदार जास्त बोली लावील त्याला दारू विकण्याचा हक्क मिळे. पुढे तर ही दारू प्लास्टिकच्या छोट्या पिशव्यांतून थेट गावात, वाडीत, शेताच्या बांधापर्यंत येऊ लागली. प्यायला दूर जायला नको. मजुरी हातात पडली की पिशवी समोर हजर.

दुबगुंट्याच्या बायांनी गावातले दुकान बंद पाडले. रोसम्मा नावाची बाई त्यांत पुढे होती. ही बातमी आसपासच्या गावांत गेली. मग साक्षरतेच्या पुढच्या पुस्तकात दुबगुंट्याच्या बायांचीच गोष्ट छापली गेली! 'बायका एक झाल्या तर' अशा अर्थाचे तिचे नाव होते. धडा वाचून लढा झाला, आणि लढ्याचा पुन्हा धडा झाला. तो धडा वाचून आणखी गावे उठली. हातात केरसुणी आणि मिरचीची पूड घेऊन बाया गुत्त्यांवर गेल्या. १९९२ साली त्यांनी लिलावच अडवले. हे त्यांनी फार शहाणपणाने केले, असे मला वाटते. एकेका पिणाऱ्याशी भांडत बसले तर आयुष्य सरते. त्यांनी दारू जिथून येते ते तोंडच धरले. लिलाव नाही तर ठेका नाही, आणि ठेका नाही तर दुकान नाही.

१९९३ च्या एप्रिलमध्ये नेल्लोर जिल्ह्यात आणि १ ऑक्टोबर १९९३ पासून सगळ्या आंध्रात त्या देशी दारूवर बंदी आली. १९९५ साली सर्वच दारूवर बंदी आली. पण गोष्ट इथे संपत नाही. १९९७ साली सरकारने ती बंदी बरीचशी उठवली. दारूवरच्या कराचा पैसा सरकारच्या तिजोरीत येतो, आणि तो सोडणे कोणत्याही सरकारला जड जाते. वरून आलेली बंदी वरूनच जाऊ शकते, ही गोष्ट ध्यानात ठेवा. ती आपल्या महाराष्ट्रातही घडली आहे.

आता आपल्याकडे येऊ. विदर्भात दारूच्या विरुद्ध बोलण्याची रीत जुनी आहे. गाडगे महाराजांनी कीर्तनातून, तुकडोजी महाराजांनी भजनातून लोकांना व्यसनाबद्दल सांगितले. गांधीजींच्या वास्तव्यामुळे वर्धा जिल्ह्यात दारूबंदी झाली. त्याच विदर्भात, पार पूर्वेला, गडचिरोली जिल्हा आहे. जंगलाचा मुलूख. गोंड, माडिया या आदिवासींची वस्ती. तिथे डॉक्टर अभय बंग आणि डॉक्टर राणी बंग हे जोडपे १९८६ पासून लोकांच्या आरोग्याचे काम करते आहे. गावात रोग कोणते, असे लोकांना विचारले, की लोक दारूचेही नाव घेत. १९८८ च्या सुमारास तिथे दारूमुक्तीची चळवळ उभी राहिली. गावोगाव सभा झाल्या, ठराव झाले. शेवटी १९९३ साली सरकारने गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी लागू केली.

मग दारू संपली का? नाही. दुकाने गेली, पण चोरटी दारू राहिली. तिचे दोन रस्ते आहेत. बाहेरच्या जिल्ह्यातून नाहीतर शेजारच्या राज्यातून बाटल्या चोरून येतात, हा एक. जंगलात मोहाच्या फुलांची दारू गाळतात, हा दुसरा.

मोहाबद्दल दोन शब्द बोलायला हवेत. शहरातली माणसे मोह म्हटले की दारूच समजतात. हे बरोबर नाही. मोहाचे झाड आदिवासींच्या घरचे माणूस आहे. चैत्राच्या सुमारास पहाटे फुले गळतात. ती वेचून वाळवतात, खातात, विकतात. बियांचे तेल काढतात. लग्नात, देवाला वाहायला मोहाची थोडी दारू लागते, ही त्यांची जुनी चाल आहे. ती चाल वेगळी आणि विकण्यासाठी रोज भट्टी लावणे वेगळे. भट्टीवाला फुले आणि गूळ पाण्यात भिजत घालतो. ते काही दिवसांनी आंबते. त्याला सडवा म्हणतात. सडवा चुलीवर चढवून त्याची वाफ थंड केली, की दारू गळते. म्हणजे भट्टीवाल्याचे सगळे भांडवल त्या सडव्यात अडकलेले असते.

गावच्या बायांनी हे बरोबर ओळखले. २०१६ साली गडचिरोलीत 'मुक्तिपथ' नावाचे काम सुरू झाले. डॉक्टर बंग यांची 'सर्च' ही संस्था, टाटा ट्रस्ट आणि सरकार यांनी मिळून ते उभे केले. त्यात गावोगाव संघटना बांधल्या आहेत. या संघटनेच्या बाया नाल्याकाठी, झुडपात, जमिनीत पुरलेले सडव्याचे ड्रम शोधून काढतात आणि उपडे करतात. गरज पडेल तिथे पोलिसांना बोलावतात. भट्टीवाल्याला त्या मारत नाहीत. पण त्याचा गूळ, त्याची फुले आणि त्याचे आठ दिवसांचे श्रम मातीत जातात. असे दोनतीनदा झाले, की धंदा परवडेनासा होतो.

इथे एक अवघड गोष्ट आहे. ती लपवून चालणार नाही. भट्टी लावणारा दर वेळी दांडगा ठेकेदारच असतो असे नाही. कधी ती नवरा मेलेली, जमीन नसलेली बाई असते. "दारू सोडून देते, पण मग माझ्या लेकरांना तुम्ही घालणार का खायला?" असे ती विचारते. हा प्रश्न खोटा नाही. तिचा सडवा उपडा करणारीने तिला रोजगार हमीचे काम मिळवून द्यावे, बचत गटात घ्यावे, निराधार बाईच्या पेन्शनचा अर्ज भरून द्यावा. ज्या गावाला एवढे करायचे नसेल, त्या गावातली भट्टी एका नाल्यावरून उठून दुसऱ्या नाल्यावर जाईल.

गडचिरोलीत दारूच्या जोडीला खर्रा आहे. सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटून तो करतात. पानठेल्यावर पुडीत मिळतो. बाप खातो, आई खाते, शाळकरी पोरगाही खातो. पुढे तोंडाची आतली कातडी ताठ होते. तिखट झोंबते. तोंड उघडेनासे होते, दोन बोटेही आत जात नाहीत. कित्येकांना पुढे तोंडाचा कॅन्सर होतो. खर्रा खाऊन कोणी बायकोला मारत नाही, म्हणून गाव त्याला व्यसन समजत नाही. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने मनाई आहे. आपल्या शाळेच्या फाटकापासून पानठेला किती पावलांवर आहे, हे कोणीही मोजून पाहू शकतो.

गडचिरोलीच्या शेजारी चंद्रपूर. तिथल्या बायांनीही दारूबंदी मागितली. २०१० च्या डिसेंबरात विधानसभेचे अधिवेशन चालू असताना हजारो बाया चिमूरहून नागपूरला पायी गेल्या. थंडीचे दिवस, कडेवर पोर, डोक्यावर गाठोडे. १ एप्रिल २०१५ पासून चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी झाली. २७ मे २०२१ रोजी मंत्रिमंडळाने ती उठवायचे ठरवले. चोरटी दारू वाढली, गुन्हे वाढले, असे कारण सरकारने दिले. चोरटी दारू होतीच. ते खोटे नव्हते. पण घराला चोर लागले म्हणून कोणी दार काढून टाकत नाही, कुलूप बदलतो. सहा वर्षांत कुलूप बदलण्याचे काम पुरते झाले नाही, असे माझे मत आहे.

एकाच विदर्भात एका जिल्ह्याची बंदी टिकली, शेजारच्याची गेली. म्हणूनच आता पुन्हा आडव्या बाटलीकडे येतो. जिल्ह्याची बंदी सरकारच्या हातात असते. गावच्या दुकानाचे मतदान गावाच्या हातात आहे. ते कसे मागायचे, नीट समजून घ्या. यात गणित आहे, आणि कित्येक गावे या गणितातच हरली आहेत.

२००८ सालच्या नियमांप्रमाणे आधी अर्ज करावा लागतो. गावातल्या एकूण मतदारांपैकी, किंवा स्त्री-मतदारांपैकी, निदान शेकडा २५ जणांच्या सह्या अर्जावर हव्यात. दारूचा कारभार पाहणाऱ्या सरकारी खात्याला राज्य उत्पादन शुल्क विभाग म्हणतात. त्या खात्याचे लोक सह्या तपासतात. सही खरी आहे का, ती बाई त्याच गावची मतदार आहे का, हे पाहतात. इथे अंगठ्यापेक्षा सही बरी. आणि सहीपेक्षाही बरे म्हणजे, आपण कशावर सही केली ते स्वतः वाचून सांगता येणे. "मला ठाऊकच नव्हतं, बाई म्हणाल्या म्हणून सही केली," असे एकीने म्हटले, की अर्ज लंगडा पडतो. मतदार यादीतले नाव आणि सहीचे नाव एकच हवे. माहेरचे नाव यादीत आणि सासरचे नाव सहीत, असा घोळ फार होतो.

अर्ज टिकला, की मतदानाचा दिवस ठरतो. मतदान गुप्त असते. आता गणित ऐका.

समजा, गावात ८०० स्त्री-मतदार आहेत. अर्जाला २०० सह्या लागतील. त्या मिळाल्या. मतदानाला ४५० बाया आल्या. ३९० जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला. ६० जणींनी उभ्या बाटलीवर मारला. कोण जिंकले? आडवी बाटली, असे तुम्ही म्हणाल. सरपंचाच्या निवडणुकीत तसेच झाले असते. इथे तसे होत नाही. इथे एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते लागतात. ८०० च्या निम्मे ४००. म्हणजे ४०१ मते हवीत. ३९० मते मिळाली, म्हणून दुकान चालूच राहिले! ज्या ३५० जणी घरी बसल्या, त्या न बोलता उभ्या बाटलीच्या बाजूला गेल्या.

दुकानवाल्याला हे गणित चांगले माहीत असते. तो कोणाला उभ्या बाटलीवर शिक्का मारायला सांगत नाही. तो म्हणतो, "ताई, तुम्ही कशाला उन्हात जाता? घरी बसा." कोणाला त्या दिवशी दुप्पट मजुरीचे काम निघते. कोणाला देवदर्शनाला न्यायला गाडी येते. म्हणून गावाने यादी हातात घेऊन बसावे. माहेरी गेलेली कोण, ऊसतोडीला गेलेली कोण, आजारी कोण, मेलेल्यांची नावे यादीतून निघाली की नाही, हे महिनाभर आधी पाहावे. मेलेली बाई मत द्यायला येत नाही, पण ८०० च्या आकड्यात ती मोजली जाते.

हे मतदान फक्त परवान्याच्या दुकानासाठी आहे, हेही ध्यानात घ्या. चोरट्या गुत्त्यासाठी मतदान लागत नाही, तो आधीच गुन्हा आहे. त्याची खबर ११२ वर पोलिसांना द्यावी. चोरट्या दारूवर नजर ठेवायला ग्रामरक्षक दल नेमता यावे म्हणून २०१६ साली कायद्यात दुरुस्तीही झाली आहे. ज्या भागाला सरकारने आदिवासी क्षेत्र म्हणून जाहीर केले आहे, तिथे ग्रामसभेला याहून जास्त बळ आहे. १९९६ च्या 'पेसा' कायद्याने मादक पदार्थांच्या विक्रीवर बंदी घालण्याचा किंवा ती आटोक्यात ठेवण्याचा अधिकार तिला दिला आहे. आणि एक. आपले दुकान बंद झाले, पण दोन मैलांवरच्या गावात ते चालू राहिले, तर पिणारा सायकल काढतो. पंचक्रोशीतल्या बायांनी मिळून अर्ज केले तर बरे.

आता पिणाऱ्याचे काय? त्याला गावात दोन औषधे ठाऊक आहेत, शपथ आणि मार. राळेगणसिद्धीत अण्णा हजारे यांनी गावाच्या जोरावर दारूचे अड्डे बंद पाडले, ते मोठेच काम झाले. पण तिथे पिणाऱ्याला खांबाला बांधून मारलेही जाई. ते मला पटत नाही. दारूचे व्यसन हा आजार आहे. ताप आलेल्याला कोणी बांधून मारत नाही.

हा आजार आहे म्हणूनच एक धोका सांगायला हवा. जो माणूस रोज सकाळपासून पितो, त्याची दारू एकदम तुटली, तर त्याचे हात थरथरतात. घाम सुटतो, झोप उडते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी झटके येऊ शकतात. भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसे दिसतात. कित्येकदा यात जीवही जातो. लोक म्हणतात, "अंगात आलं," आणि त्याला देवऋष्याकडे नेतात. त्याला दवाखान्यात न्यायला हवे. तिथे औषधाने हे चारपाच दिवस पार पडतात. गावातले दुकान मतदानाने बंद होणार असेल, तर असे पिणारे गावात किती आहेत, हे आरोग्यसेविकेने आणि आशाताईने आधीच पाहून ठेवावे. नाहीतर तो माणूस धुंडत धुंडत चोरट्या दारूकडे जाईल. त्या दारूत कधी मिथिल अल्कोहोल नावाचे विष असते. त्याने डोळे जातात, जीव जातो. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला अशा दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. बहुतेक हातावर पोट असणारी.

औषधाने शरीर सुटते. मन सुटायला वेळ लागतो. त्यासाठी पुण्यात १९८६ पासून 'मुक्तांगण' हे केंद्र आहे. डॉक्टर अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी ते सुरू केले. मुक्तिपथाने गडचिरोलीत तालुक्याच्या गावी दवाखाने आणि खेड्यांत शिबिरे चालवली आहेत. ज्यांनी स्वतः दारू सोडली अशा माणसांच्या 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' नावाच्या सभा पुष्कळ ठिकाणी भरतात. तिथे फी नसते, उपदेशही नसतो. एक पिणारा दुसऱ्या पिणाऱ्याला आपली हकिगत सांगतो. सोडलेला माणूस पुन्हा एकदा प्यायला, तर "बघा, आम्ही म्हणत नव्हतो!" असे म्हणून गावाने हसू नये. बहुतेकांना एकदोनदा पाय घसरून मगच जमते.

व्यसन सोडवण्याबद्दल सल्ला मिळावा म्हणून सरकारने फोनची सोय केली आहे. क्रमांक १४४४६. पैसे पडत नाहीत. पिणाऱ्याची बायको, आई, मुलगा, कोणीही या क्रमांकावर विचारू शकते. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर तो मोठ्या अक्षरांत लिहून घ्या. खडूने नको, रंगाने लिहा. पहिल्या पावसात पुसला जाता कामा नये.